प्रमाणित मार्ग २१.१ चा, घड्याळात २१.४२: जीपीएसवर किती विसंबायचं?

मंदगती

परवा अर्धमॅरेथॉन पळाले. मार्ग प्रमाणित, म्हणजे २१.०९७५ किमी. माझ्या घड्याळात भरले २१.४२, नवऱ्याच्या घड्याळात २१.१८ आणि शेवटपर्यंत सोबत असलेल्या मैत्रिणीच्या फोनवर चक्क २१.६१. तिघं एकाच कमानीखालून सुटलो, एकाच कमानीखालून आत आलो. घड्याळ सरासरी पेस (एका किलोमीटरला लागलेला वेळ) एक सांगतंय, निकालपत्रक दुसराच.

जाणकारांनी जरा प्रकाश टाका. यातलं खरं कोणाचं? आयोजकांनी अंतर वाढवलं असेल का? आणि हल्ली 'ड्युअल बँड' म्हणून जी महागडी घड्याळं येतात त्यांनी खरंच फरक पडतो का? नवरा सायकलही चालवतो. तिथे त्याच्या सायकल-कॉम्प्युटरचं आणि मनगटावरच्या घड्याळाचं कधी पटत नाही, ते वेगळंच.

खवचट_पाहुणा

सोपं आहे. मार्ग लांब आखला असणार. तिघांचीही घड्याळं २१.१ च्या वर आहेत, एकाचंही खाली नाही, यातच सगळं आलं. फी घ्यायची आणि वर तीनशे मीटर जास्त पळवायचं.

पट्टीवाला

खवचट, जरा थांबा. मार्गमोजणीच्या कामात मी मदतनीस म्हणून गेलोय, त्यामुळे हे कसं होतं ते सांगतो. लोकांना वाटतं कोणीतरी गाडीत बसून मीटर बघत जातो.

प्रमाणित मार्ग मोजतात सायकलने. पुढच्या चाकाच्या आसाशी एक छोटा दंतचक्रांचा आकडेमोजक बसवलेला असतो, त्याला जोन्स काउंटर म्हणतात. चाक एकदा फिरलं की साधारण २३.६ आकडे पुढे जातात. म्हणजे एक आकडा जेमतेम ९ सेंटिमीटरचा. आधी पोलादी टेपने एक सरळ पट्टा मोजून घ्यायचा, निदान ३०० मीटरचा, आणि त्यावर सायकल चार वेळा चालवून आपल्या चाकाचे किलोमीटरला किती आकडे पडतात ते काढायचं. मग मार्ग मोजायचा. आणि मोजून झाल्यावर पुन्हा त्याच पट्ट्यावर चार फेऱ्या. कारण ऊन चढलं की टायरमधली हवा फुगते, चाकाचा परीघ बदलतो आणि सकाळचा हिशोब दुपारी लागू होत नाही. टेपसुद्धा तापमानाप्रमाणे दुरुस्त करून घेतात.

आता तुमच्या मुद्द्याला धरून दोन गोष्टी.

पहिली म्हणजे मोजणारा सायकलस्वार शक्य तितक्या आखूड रेषेने जातो. वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटरवरून, आणि एका वळणाकडून दुसऱ्या वळणाकडे थेट तिरका रस्ता कापत. दुसरी म्हणजे मार्ग चुकूनही आखूड भरू नये म्हणून त्यात मुद्दाम हजारात एक भाग वाढवून ठेवतात. किलोमीटरला एक मीटर. अर्धमॅरेथॉनला २१ मीटर, पूर्णला ४२. आयोजकांनी 'वाढवलेलं' अंतर एवढंच, आणि तेही नियमाप्रमाणे.

बाकीचं तुम्ही स्वतः वाढवता. काटकोनी वळण कडेपासून एक मीटर बाहेरून घेतलं की १.५७ मीटर जास्त पडतात, वळण लहान असो की मोठं. सहा मीटर बाहेरून घेतलं तर साडेनऊ मीटर. खांबाला वळसा घालून परत फिरायचं असेल तर त्याच्या दुप्पट. त्यात पाण्याच्या टेबलाकडे जाणं, पुढच्याला ओलांडायला नागमोडी पळणं, ओळखीचं कोणी दिसलं की रस्ता ओलांडून टाळी देणं. गर्दीच्या शर्यतीत बहुतेकांचे दीडदोनशे मीटर असेच जातात.

म्हणून तिन्ही घड्याळं वर आहेत हे आयोजकांविरुद्धचा पुरावा होत नाही. उलट एखाद्याचं २१.०० भरलं असतं तर मी म्हटलं असतं, बाई, घड्याळ तपासा.

मंदगती

अय्या, हे मस्तच आहे. मी तर रस्त्याच्या मधोमध पळते, गटाराच्या झाकणांच्या भीतीने.

पण मग मैत्रिणीचे ५०० मीटर? ती काही एवढी भटकली नाही हो.

नेमस्त

मैत्रिणीच्या ५०० मीटरमध्ये थोडा वाटा तिच्या पायांचा आणि बराच फोनचा असणार. थोडं मुळातून लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

मनगटावरचं घड्याळ अंतर मोजतच नाही. ते दर सेकंदाला 'मी इथे असावं' असा एक बिंदू टाकतं आणि पुढे ते बिंदू जोडून लांबी काढतं. पट्टीवाल्यांचं चाक रस्त्याला टेकलेलं असतं. आपलं घड्याळ रस्त्याला कुठेच टेकलेलं नाही. ते ऐकतंय सुमारे २०,२०० किमी उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांना. प्रत्येक उपग्रह 'आत्ता अमुक वाजले' असं ओरडत असतो, आणि ते किती उशिरा पोचलं यावरून अंतर ठरतं. प्रकाशाच्या वेगाच्या हिशोबात एक नॅनोसेकंद चुकला की ३० सेंटिमीटर गेले. मनगटावरचं क्वार्ट्झ घड्याळ एवढं नेमकं नसतंच, म्हणून तीनऐवजी निदान चार उपग्रह लागतात. जागेच्या तीन आकड्यांबरोबर स्वतःच्या घड्याळाची चूक हा चौथा आकडाही तिथेच सोडवून घ्यायचा असतो.

मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनची अचूकता साधारण ४.९ मीटर त्रिज्येची, असा आकडा अमेरिकी सरकारच देतं. २ मे २००० च्या आधी तर नागरी वापराच्या संकेतात मुद्दाम बिघाड मिसळलेला असे आणि चूक शंभर मीटरच्या घरात जाई. तो बिघाड काढला म्हणून २००३ पासून पळणाऱ्यांसाठी जीपीएसची घड्याळं निघू शकली.

आता बिंदू पाच मीटर इकडेतिकडे पडला तर अंतर का वाढतं? चुका एकमेकींना खोडून काढत नाहीत का? आडव्या चुका खोडत नाहीत. समजा तुम्ही सेकंदाला ३ मीटर पळताय. पुढचा बिंदू आधीच्यापेक्षा एक मीटर बाजूला पडला. जोडरेषा ३ ची न राहता ३.१६ मीटरची झाली, पाच टक्के वाढ. नंतरचा बिंदू दुसऱ्या बाजूला पडला तर तेव्हाही वाढच. डावीकडची चूक असो की उजवीकडची, रेषा लांबच होते. सरळ रस्त्यावरची नागमोड नेहमी सरळ रेषेपेक्षा लांब, एवढं साधं आहे. प्रत्यक्षात पाच टक्के वाढत नाहीत, कारण लागोपाठच्या बिंदूंची चूक बरीचशी एकाच दिशेने सरकते, सगळी रेषा मिळून बाजूला जाते. शिवाय घड्याळातलं सॉफ्टवेअर ही नागमोड इस्त्री केल्यासारखी सपाट करतं.

पण इस्त्री करताना खरी वळणंही सपाट होतात! म्हणून त्याच उपकरणाने सरळ रस्त्यावर जास्त आणि वळणावळणाच्या पायवाटेवर कमी दाखवणं अगदी शक्य आहे. कोणती कंपनी किती इस्त्री फिरवते हे कोणी सांगत नाही, आणि तुमच्या तीन आकड्यांमधला बराचसा फरक तिथला आहे. मैत्रिणीचा फोन खिशात किंवा कमरेच्या पट्ट्यात असेल तर अर्धं आकाश तिच्या शरीरानेच अडवलेलं असणार, हा आणखी एक मुद्दा.

अवांतर: उपग्रहांवरची घड्याळं सापेक्षतावादामुळे दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ती दुरुस्ती केली नसती तर एका दिवसात चूक दहा किलोमीटरच्या पुढे गेली असती.

खवचट_पाहुणा

म्हणजे आयोजक निर्दोष, आइन्स्टाइन दोषी. बरं.

(हलकंच घ्या. माहिती आवडली.)

सायंतारा

वाचनखूण साठवली. नेमस्त, उंच इमारतींच्या भागात माझी रेषा थेट इमारतींच्या आतून जाते, कधी तर नदीतून. पेस एकदम ३:१० दाखवतो. त्यावर ड्युअल बँड हा उपाय आहे का? घ्यायचं मनात आहे, पण नुसती जाहिरातबाजी असेल तर नको.

नेमस्त

सायंतारा, जाहिरातबाजी नाही, पण कुठे पळता त्यावर अवलंबून आहे.

इमारतींमध्ये संकेत थेट येत नाही, काचेवर किंवा भिंतीवर आपटून येतो. आपटून आला म्हणजे लांबून आला, लांबून आला म्हणजे उशिरा आला, आणि घड्याळ तो उशीर अंतरात धरतं. म्हणून तुम्ही रस्त्याच्या या बाजूला असता आणि ठिपका त्या बाजूच्या इमारतीत.

जुनी घड्याळं फक्त एल१ हा पट्टा ऐकतात, १५७५.४२ मेगाहर्ट्झचा. ड्युअल बँडवाली त्याच्या जोडीला एल५ ऐकतात, ११७६.४५ मेगाहर्ट्झ. एल५ चा सांकेतिक ठोका दहापट जलद आहे. एल१ चा एक ठोका अंतरात मोजला तर सुमारे २९३ मीटर लांब, एल५ चा २९.३ मीटर. ठोका जितका आखूड तितका थेट आलेला संकेत आणि पन्नास मीटर वळसा घालून आलेला त्याचा भाऊ वेगळे ओळखता येतात. शिवाय आयनांबरातून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून) जाताना दोन्ही वारंवारितांना होणारा उशीर वेगवेगळा असतो. दोन्ही ऐकू येत असतील तर त्या फरकावरून तो उशीर काढून टाकता येतो.

फोनमध्ये हे २०१८ साली आलं, घड्याळांमध्ये २०२१-२२ च्या सुमाराला. फक्त 'मल्टी जीएनएसएस' लिहिलेलं बघून फसू नका, ती वेगळी गोष्ट. त्यात जीपीएसच्या जोडीला रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बेइडू असे जास्तीचे उपग्रह ऐकले जातात, पण एकाच पट्ट्यावर. उपयोग होतो, पण भिंतीवरून आपटलेले आणखी चार संकेत मिळून काय करायचं?

उंच इमारती, दाट झाडी, दरीची एकच बाजू उघडी, असं तुमचं रोजचं असेल तर जरूर घ्या. मोकळ्या हमरस्त्यावर पळत असाल तर फरक शोधावा लागेल, आणि बॅटरी मात्र लवकर उतरेल. बोगद्यात सगळे सारखेच आंधळे.

दरीखोरे

डोंगरातला माणूस म्हणून भर घालतो. आमच्याकडे उलटं रडगाणं असतं, अंतर कमी भरतं. नागमोडी चढाची वाट, वर ओली झाडी, आणि वेग इतका कमी की दोन बिंदूंमध्ये मीटरभरच अंतर. नेमस्त म्हणतात ती इस्त्री फिरली की वाटेचे सगळे कोपरे गुळगुळीत. त्यात कोणी बॅटरी वाचवायला 'अल्ट्रा' मोड लावला असेल तर बिंदू दर सेकंदाला न पडता मिनिटामिनिटाने पडतात. मग सहा वळणांच्या जागी एक सरळ काठी. असा पळ घरी येऊन नकाशावर बघितला की आपण कड्यावरून उडी मारल्यासारखं दिसतं.

पण माझा खरा राग उंचीवर आहे. जीपीएसची उभी चूक आडव्यापेक्षा बरीच मोठी असते, कारण उपग्रह सगळे डोक्यावर. पायाखाली एकही नाही, कारण मध्ये पृथ्वी आहे. म्हणून चांगल्या घड्याळात हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. त्याचं गणित असं: समुद्रसपाटीजवळ एक हेक्टोपास्कल दाब म्हणजे साधारण ८ मीटर उंची. वादळ येऊन दाब ५ हेक्टोपास्कलने उतरला तर तुम्ही तंबूत झोपलेले असताना घड्याळाच्या मते ४० मीटर चढलात.

आणि त्या सेन्सरचं छिद्र! घड्याळाच्या बाजूला बारीक छिद्रं असतात. घाम, मीठ, धूळ यांचा थर बसला की उंची एक तर गोठते नाहीतर उगाच उड्या मारते. पळून आलात की घड्याळ साध्या कोमट पाण्याखाली धरा. टाचणी घालू नका, आतला पडदा फाटतो.

एकूण चढाई या आकड्यावरून तर भांडूच नये. तीन मीटरच्या खालचे चढउतार मोजायचे की सोडायचे हे प्रत्येक अ‍ॅप आपापलं ठरवतं. एकाच फाइलवर दोन अ‍ॅप शेकडो मीटरचा फरक देतात.

चक्रधर

मंदगती, तुमच्या यजमानांच्या सायकलचं बघू.

सायकलवर जीपीएसचं खरं तर बरं चालतं. कॉम्प्युटर हँडलवर आकाशाकडे तोंड करून बसलेला, हात हलत नाही, आणि वेग जास्त असल्याने दोन बिंदूंमध्ये आठ-दहा मीटर. मीटरभराची आडवी चूक तिथे जवळजवळ दिसतच नाही. घड्याळ मात्र मनगटावर वाकडं, हँडल धरल्यावर बऱ्याचदा बाजूला बघणारं.

तरी दोघांचं पटत नसेल तर पहिला प्रश्न, चाकाला स्पीड सेन्सर आहे का? असेल तर कॉम्प्युटर अंतर जीपीएसवरून न घेता चाकाच्या फेऱ्यांवरून घेत असणार. मग सगळं परिघावर. ७०० × २५ टायरचा परीघ कोष्टकात २१०५ मिलिमीटर असतो, ७०० × ३२ चा २१५५. टायर बदलला आणि आकडा बदलायचा राहिला की २.४ टक्के फरक, १०० किमीला जवळजवळ अडीच किमी.

कोष्टकावर जाऊच नका. टायरमध्ये नेहमीची हवा भरा, व्हॉल्व्ह बरोबर खाली आणून जमिनीवर खडूची खूण करा, सायकलवर बसून सरळ रेषेत चाकाच्या पाच फेऱ्या पुढे जा, व्हॉल्व्ह पुन्हा खाली आला की दुसरी खूण. टेपने मोजा, पाचने भागा. बसून अशासाठी की वजनाने टायर दबतो आणि परीघ थोडा कमी होतो. नुसती ढकलत नेलीत तर तो फरक सुटतो.

घाटात आणखी एक गंमत. चाक उतारावरची खरी लांबी मोजतं, जीपीएसचं अंतर बहुधा नकाशावरचं सपाट. १० टक्के चढावर फरक अर्धा टक्का, दहा किलोमीटरला ५० मीटर. एवढ्यावरून नवराबायकोने भांडू नये.

ठोकताळा

इतका काथ्याकूट कशाला? मी म्हणतो, एकच घड्याळ वापरा. चुकीचं असेल तर रोज तेवढंच चुकीचं असेल. आजची कालशी तुलना झाली म्हणजे बास.

नेमस्त

अर्धं मान्य. टायरच्या परिघाची चूक रोज तेवढीच असते, तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के लागू. जीपीएसची तशी नसते. सकाळी सहाला उपग्रह जिथे होते तिथे संध्याकाळी सहाला नसतात, पावसाळ्यात झाडं पानांनी भरतात, कंपनी मध्येच अपडेट देते. त्याच मार्गावर त्याच घड्याळाने रोज पळा, आकडा खालीवर होईलच. एका टक्क्याच्या आतल्या फरकावरून 'आज सुधारणा झाली' म्हणणं म्हणजे नाणेफेकीवर आनंद मानणं.

ठोकताळा

एक टक्का म्हणजे ५ किमीत ५० मीटर. मला चालतंय. वजनकाट्यावर यापेक्षा जास्त खोटं बोलतो आम्ही.

सायंतारा

आमच्या कोचना नाही चालत. ते ४०० मीटरचे इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत जोरात पळायचे तुकडे) देतात आणि घड्याळ ट्रॅकवर कधी ३९० म्हणतं, कधी ४२०. रेषा तर रांगोळीसारखी.

पट्टीवाला

मग ट्रॅकवर घड्याळाला विचारायचंच कशाला? तिथे जमिनीवरच माप रंगवलेलं आहे. पहिल्या लेनची फेरी ४०० मीटर, आतल्या कठड्यापासून ३० सेंटिमीटरवर मोजलेली. लेन १.२२ मीटर रुंद, त्यामुळे दुसऱ्या लेनमध्ये फेरी सुमारे ४०७ ची, आठव्यात ४५३ ची. रेषेवर लॅपचं बटण दाबा आणि फक्त वेळ बघा. काही घड्याळांत ट्रॅकचा वेगळा मोड असतो, लेनचा आकडा सांगितला की एकदोन फेऱ्यांत ते लंबगोल ओळखून त्यावर बिंदू चिकटवतं. छान चालतो, पण सहाव्या लेनमध्ये पळून पहिली सांगितलीत तर तेही काय करणार?

मंदगती

सगळ्यांचे आभार. आता पूर्ण मॅरेथॉनची तयारी आहे, चार तासांच्या आत यायचंय. मग शर्यतीत घड्याळ बघू तरी का नको?

पट्टीवाला

बघा, पण वेळ बघा. चार तासांना किलोमीटरला ५:४१ चा पेस लागतो. ४२.१९५ ला तो ३:५९:४८ देतो, म्हणजे हातात १२ सेकंद. तुमचं घड्याळ शेवटी ४२.७ दाखवणार असेल (परवाच्या प्रमाणात आणखी जास्तच) आणि तुम्ही घड्याळाच्या पडद्यावरचा ५:४१ धरून पळालात, तर कमानीखाली याल ४:०२:४० ला. घड्याळ म्हणेल तुम्ही लक्ष्य गाठलं, निकालपत्रक म्हणेल नाही गाठलं.

ऑटो-लॅप (घड्याळ स्वतःच्या मोजणीने दर किलोमीटरला आपोआप टाकतं तो लॅप) बंद करा. किलोमीटरची पाटी आली की हाताने लॅप दाबा. पाच-पाच किलोमीटरच्या अपेक्षित वेळा मनगटाच्या पट्टीवर लिहून न्या: ५ ला २८:२५, १० ला ५६:५०, अर्ध्यावर १:५९:५४ च्या आसपास. पाट्याही कधीकधी दहावीस मीटर इकडेतिकडे लावलेल्या असतात, म्हणून एखादा लॅप विचित्र आला तर लगेच वेग वाढवू नका, पुढच्या पाटीची वाट बघा. आणि तत्क्षणीचा पेस दाखवणारा रकाना पडद्यावरून काढूनच टाका, पुलाखालून गेलात की तो काहीही बरळतो.

नेमस्त

त्यात एक पुरवणी. आदल्या रात्री घड्याळ फोनशी सिंक करा. उपग्रह येत्या काही दिवसांत कुठे असतील याची छोटी फाइल त्यातून घड्याळात जाते. ती नसेल तर घड्याळाला प्रत्येक उपग्रहाचा ठावठिकाणा त्याच्याच संकेतातून उतरवून घ्यावा लागतो. मोकळ्यावर त्याला ३० सेकंद लागतात, गर्दीत आणि इमारतीत कितीही. सुरुवातीच्या रांगेत उभं राहून, उपग्रह सापडल्याची हिरवी खूण दिसल्यावरही एकदोन मिनिटं तसंच राहू द्या. पहिल्या किलोमीटरमधला बराच गोंधळ तिथेच मिटतो.

उशिराआलो

धागा आत्ता वाचला, भारी झालाय. एकच शंका. मी ट्रेडमिलवर पळतो, तिथे जीपीएसचा प्रश्नच नाही, तरी घड्याळ आणि मशीन यांच्यात अर्ध्या किलोमीटरचा फरक. कोणाचं धरू?

चक्रधर

मशीनचा पट्टा सैल नसेल तर मशीनचं. तपासायचं असेल तर मशीन बंद असताना पट्ट्यावर खडूने खूण करून त्याची पूर्ण लांबी मोजा, मग चालू करून कोणीतरी त्यावर पळत असताना २० फेऱ्यांना किती वेळ लागतो ते बघा. वेग निघतो.

घड्याळ तिथे हाताच्या हेलकाव्यावरून पावलं आणि पावलांवरून अंतर काढतं. पळून झाल्यावर 'कॅलिब्रेट' विचारतं तेव्हा मशीनचा आकडा भरा, दोनचार वेळांत जवळ येतं. समोरचा दांडा धरून पळत नाही ना? हात हलला नाही की घड्याळ पावलं गाळायला लागतं.

उशिराआलो

धरतो...